यादीतलं पहिलं नाव

[दृश्य: नदीपलीकडून टेकडीवरचं विद्यापीठ]

वॉशिंग्टन शहर. पोटोमॅक नदीच्या काठावर हा दगडी मनोरा दिसतो, तो जॉर्जटाउन विद्यापीठाचा. १७८९ साली सुरू झालेलं हे अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथलिक विद्यापीठ. चालवणारे जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज काढलं तेही याच संघानं.

मनोरा पुढच्या काळातला. आपलं काम आहे ते आतल्या या विटांच्या इमारतीशी. १८३० च्या दशकात ती उभी राहिली आणि कॉलेज कर्जात बुडालं. त्या वेळी कॉलेजचे अध्यक्ष होते फादर थॉमस मलेडी.

[दृश्य: मेरीलँडमधली शेतं, जुनं चर्च]

कर्ज फेडायचं कशातून? संघाकडे जमीन होती. मेरीलँडमध्ये व्हाइट मार्श, सेंट इनिगोज, न्यूटाउन असे मोठाले मळे होते. पीक तंबाखूचं. राबणारी माणसं संघाच्या मालकीची, आणि कॉलेजच्या खर्चाला या मळ्यांचा हातभार. गुलामांचा बाप्तिस्मा व्हायचा, लग्नं चर्चमध्ये लागायची. रविवारी एकाच छपराखाली प्रार्थना करून सोमवारी तीच माणसं मालमत्तेच्या हिशेबात.

ती मुकाट्यानं राबत होती असं समजू नका. एडवर्ड क्वीन या गुलामानं व्हाइट मार्शच्या फादर जॉन अ‍ॅश्टन यांच्यावरच दावा ठोकला आणि १७९४ साली तो जिंकून स्वतंत्र झाला. अ‍ॅश्टन हे जॉर्जटाउन उभारणाऱ्यांपैकी एक.

[दृश्य: खरेदीखत, कॅमेरा ओळीओळीनं खाली सरकतो]

आता हा कागद नीट पाहा. तारीख १९ जून १८३८. विकणारे फादर मलेडी. आता ते मेरीलँडमधल्या साऱ्या येशूसंघीयांचे प्रमुख झालेत. घेणारे दोघे, लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि जेसी बॅटी. माणसं २७२. किंमत १ लाख १५ हजार डॉलर.

पहिलं नाव आयझॅक, वय ६५. मग त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, ४०. मुलगी नेली, ३८. हेनी, १३. सेसिलिया, ८. रूथी, ६. अक्षर वळणदार आहे, कुठे खाडाखोड दिसत नाही.

या विक्रीला रोमची परवानगी होती. संघाचे सर्वोच्च प्रमुख यान रोथान यांनी ती १८३६ मध्ये दिली, पण अटी घालून. कुटुंबं तोडायची नाहीत. नव्या ठिकाणी त्यांना धर्म पाळता आला पाहिजे. आणि आलेला पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही. माणसं विकूच नका, ही अट मात्र त्यांत नव्हती.

पहिला हप्ता २५ हजार डॉलरचा आला. त्यातले सुमारे १७ हजार थेट कॉलेजच्या कर्जात गेले. आठेक हजार बाल्टिमोरच्या आर्चबिशपांचं जुनं देणं मिटवण्यात. तिसरी अट तिथेच निकालात निघाली. पहिल्या दोन पुढे लुइझियानात मोडल्या.

[दृश्य: जहाजावरच्या माणसांची यादी]

हे दुसरं कागदपत्र, ‘कॅथरिन जॅक्सन’ जहाजाचं. विकलेल्यांपैकी काहींना घेऊन नोव्हेंबर १८३८ मध्ये ते अलेक्झांड्रिया बंदरातून सुटलं, डिसेंबरात लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्सला लागलं. नाव, वय, उंची. वजन लिहिलं असतं तर बाजारातली पावती झाली असती.

मलेडींना रोमला बोलावून घेतलं, पद गेलं, काही वर्षं त्यांनी नीसमध्ये काढली. १८४३ मध्ये ते परत आले ते होली क्रॉस या नव्या कॉलेजचे पहिले अध्यक्ष म्हणून. १८४५ मध्ये पुन्हा जॉर्जटाउनचेच अध्यक्ष! मधल्या काळात, १८३९ च्या डिसेंबरात, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारं पत्र काढलं होतं.

[दृश्य: उसाची शेतं, मॅरिंग्विन गाव, कबरस्तान]

लुइझियानातलं मॅरिंग्विन. विकलेल्यांतले बरेच जण या भागातल्या ऊस-कापसाच्या मळ्यांवर आले. ही कबर कॉर्नेलियस हॉकिन्सची. विक्रीच्या वेळी तो १३ वर्षांचा होता. तो आयुष्यभर कॅथलिकच राहिला, म्हणून त्याचा माग लागला. ज्या चर्चनं विकलं, त्याच चर्चच्या नोंदवह्यांतून आज वंशजांना आपले पूर्वज सापडताहेत. गावातल्या कित्येकांना हे २०१६ पर्यंत माहीतच नव्हतं.

[दृश्य: इमारतीवरची नवी पाटी]

२०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी धरणं धरलं आणि त्या विटांच्या इमारतीवरून मलेडींचं नाव उतरलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये संघानं वंशजांसमोर जाहीर माफी मागितली आणि इमारतीला यादीतल्या पहिल्या माणसाचं, आयझॅक हॉकिन्सचं नाव मिळालं. वंशजांना प्रवेशात प्राधान्य मिळू लागलं. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून प्रत्येकानं वंशजांसाठी दर सत्राला २७ डॉलर २० सेंट द्यायचं ठरवलं. विद्यापीठानं ती फी लावली नाही, दुसरा निधी उभारायचं कबूल केलं. २०२१ मध्ये संघानं १० कोटी डॉलरचं वचन दिलं. यादी अजून वाढतेच आहे: संशोधकांच्या मोजणीत आता ३१४ नावं आहेत.