डावातच धडा हवा

श्रोतेहो, नमस्कार. मुलांसाठी शैक्षणिक खेळ तयार करणाऱ्यांशी आज मला बोलायचं आहे. मग तुम्ही शिक्षक असा, पालक असा, की संगणकावर खेळ रचणारे असा.

असे पुष्कळसे खेळ एकाच साच्यातले असतात. मूल धावतं, उड्या मारतं, नाणी गोळा करतं. मग खेळ थांबतो आणि पडद्यावर गणित येतं. उत्तर दिलं की पुन्हा धावायला मोकळं! ही शर्करावगुंठित गोळी मुलं बरोबर ओळखतात; साखर चघळतात आणि गोळी टाकून देतात. त्यात त्यांचा काय दोष? गणित म्हणजे खेळातला अडथळा, हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं.

जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ या इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे पडताळून पाहिलं. त्यांच्या खेळात छातीवर संख्या लिहिलेले सांगाडे समोर येतात आणि नायकाच्या प्रत्येक वारालाही एक संख्या असते. सांगाड्यावर १५ असेल, तर ३ चा वार लागू पडतो, २ चा पडत नाही. म्हणजे भाग जातो की नाही हे ओळखणं हीच लढाई. दुसऱ्या आवृत्तीत लढाई तशीच ठेवली, पण गणित तिच्यातून काढून टप्प्यांच्या मध्ये प्रश्नमंजुषेत घातलं. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीतली मुलं जास्त शिकली. आणि काय खेळायचं हे मुलांवरच सोडलं, तेव्हा ती पहिल्या आवृत्तीत सातपट वेळ रमली.

यासाठी संगणकच हवा असंही नाही. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये १ ते १० अशी ओळीने घरं असलेला साधा पट बालवाडीच्या वयातल्या मुलांना खेळायला दिला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका झाल्या, तरी मुलांची संख्यांची जाण वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. आकड्यांऐवजी रंगांच्या घरांचा पट खेळलेल्या मुलांत हा फरक दिसला नाही. मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो एक बारीकसा नियम. पाचच्या घरातून दोन घरं पुढे जाताना मुलानं "एक, दोन" म्हणायचं नाही. "सहा, सात" म्हणायचं. सोंगटी हलते तसा आकडाही पुढे सरकतो. खेळ रचणाऱ्याचं खरं कसब अशा नियमात असतं, चित्रांच्या झगमगाटात नाही.

चुकीचंही तसंच. चुकल्यावर नुसती लाल फुली दाखवू नका. वार का फसला, हे सांगाड्यावरच दिसू द्या आणि पुढची संधी लगेच द्या. बक्षिसांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. आवडीनं चित्रं काढणाऱ्या लहान मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं, तर नंतर ती आपणहून चित्रं काढण्यात कमी वेळ घालवतात, हे १९७३ च्या एका प्रयोगात दिसलं आहे.

तेव्हा आधी कागदावर खेळ मांडा. एका मुलाला खेळू द्या, शेजारी बसा आणि मध्ये बोलू नका. डाव संपल्यावर एवढंच विचारा, "कसा जिंकलास?" "भराभर बटण दाबलं," असं उत्तर आलं, तर नियम पुन्हा लिहायला घ्या. "पंधराला तीननं भाग जातो ना!" असं आलं, तर तो खेळ पुढे न्यायला हरकत नाही.