अंगावर काढू नका

नमस्कार श्रोतेहो.

"दुखणं अंगावर काढणं" हे आपण किती सहज बोलतो! "ताप होता, पण अंगावरच काढला." सांगणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. आज याच सवयीबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण ती तापापुरती राहत नाही. मनावरचं ओझं, डोक्यावरचं कर्ज, घरातल्या मुक्या जिवाची तब्येत, सगळंच आपण अंगावर काढतो.

सुरुवात घरच्याच गोष्टीने करते. आमच्याकडे एक बोका आहे. एका संध्याकाळी तो त्याच्या लिटर ट्रेमध्ये गेला, माती उकरली, बसला आणि बाहेर आला. पाच-दहा मिनिटांनी परत गेला. असं चार-पाच वेळा झालं. मला वाटलं, पोट साफ होत नसेल, सकाळी बघू. रात्री जेवायला हाक मारली तर आला नाही. पलंगाखाली अगदी भिंतीला टेकून बसला होता आणि हात लावल्यावर गुरगुरला. तेव्हा मी ट्रेमधली माती हाताने चाचपून पाहिली. ती पूर्ण कोरडी होती.

त्याची लघवी अडली होती. बोक्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. खड्याने किंवा चिकट स्रावाने तो बंद झाला, की मूत्राशय फुगून दगडासारखं टणक होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. हे सगळं एक-दोन दिवसांत घडतं. आम्ही रात्रीच दवाखाना गाठला म्हणून तो वाचला. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. "सकाळी बघू" म्हणताना माझ्या मनात खर्चाचाही विचार होता. तो विषय पुढे येईलच.

मांजर दुखणं लपवतं. तो तिचा स्वभावच आहे. जंगलात दुबळं दिसणं म्हणजे दुसऱ्याची शिकार होणं, ती सावधगिरी घरातल्या मांजरातही उरली आहे. म्हणून ओरडण्याची वाट पाहू नका. सवय बदलली का, ते पाहा. एरवी उंच कपाटावर उडी मारणारं मांजर खुर्चीवरच थांबायला लागलं, पाण्याचं भांडं रोजच्यापेक्षा लवकर रिकामं व्हायला लागलं, अंग चाटणं थांबून केस राठ दिसायला लागले, तर त्यात काहीतरी आहे. आणि मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर त्याला उपास समजू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त असतो.

कुत्रा पाळणाऱ्यांसाठी एक सोपी तपासणी आहे. आत्ता ऐकता ऐकताच करून बघा. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा टोचत असतील तर तो हडकला आहे. आता मूठ उघडा, तळहात वर करा आणि बोटांच्या मुळाशी जो मांसल भाग आहे तो दाबा. बरगड्या अशा शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त आहे. आता हात पालथा करून सरळ धरा आणि त्याच सांध्यांवरून बोटं फिरवा. हाडं जाणवतात, पण टोचत नाहीत. बरगड्या अशा लागल्या पाहिजेत.

वजनावर एवढा जोर का देते आहे? 2002 मध्ये एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांना पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत सांभाळलं होतं. जोड्या लावून एकाला जेवढं अन्न, त्यापेक्षा चतुर्थांश कमी दुसऱ्याला दिलं. कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे केवढा काळ! ताटातला घास प्रेमानेच टाकला जातो, हे मला ठाऊक आहे. तोच प्रेमाचा हात थोडा आवरायला हवा.

काही गोष्टी मात्र चिमूटभरही नकोत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट, कांदा, लसूण आणि साखरविरहित च्युइंगगममध्ये असणारं झायलिटॉलही त्याला विषारी आहे. मांजर असलेल्या घरात लिलीची फुलं आणू नका. तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं जातात. आणि तुमच्या औषधाच्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही, कितीही छोटा तुकडा करून देऊ नका. ते औषध पचवून बाहेर टाकायची यंत्रणा तिच्या यकृतात जवळजवळ नसतेच. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

आणि कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडा आला तरी ते अजिबात अंगावर काढू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि तडक दवाखान्यात जायचं. 1885 मध्ये लुई पाश्चर यांनी पहिल्यांदा माणसाला रेबीजची लस दिली, तेव्हापासून वेळेवर घेतलेली लस जीव वाचवत आली आहे. आपल्या पाळीव प्राण्याचं लसीकरण हे याच संरक्षणाचं दुसरं टोक आहे.

श्रोतेहो, प्राण्यांबद्दल इतकं बोलले त्याला एक कारण आहे. बोक्याच्या त्या रात्रीनंतर माझ्या लक्षात आलं, की त्याचं पाणी, खाणं, झोप मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. स्वतःला मात्र कित्येक महिने एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, तू नीट झोपतेस का?

शरीर पुष्कळदा बोक्यासारखंच वागतं, गप्प बसतं. रक्तदाबाचंच बघा. जगात ज्यांना उच्च रक्तदाब आहे, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांना तो आहे हेच माहीत नसतं. डोकं दुखेल, चक्कर येईल, मग तपासू, असं म्हणून चालत नाही, कारण बहुतेकांना काहीच होत नाही. आणि मोजताना घाई केली तर आकडाही चुकतो. आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा, कॉफी, सिगारेट नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवरून नको. आणि मोजत असताना बोलू नका. पायावर पाय टाकून गप्पा मारत मोजलेला रक्तदाब उगाच जास्त दिसतो.

चालण्याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल, म्हणून थोडक्यात सांगते. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून आला. त्यामुळे तो गाठता आला नाही म्हणून चालणंच सोडून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सांगते. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालून आलात, तर पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि ती एकदम वर जात नाही. दुसरा भाग, स्नायूंचा, बहुतेक जण विसरतात. हात न टेकता खुर्चीतून उठणं आणि सावकाश बसणं, दहा वेळा. म्हातारपणी पडू नये म्हणून याच मांड्या कामाला येणार आहेत.

आता हे नीट ऐका. चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं, तर माणसाला "जरा पड, बरं वाटेल" म्हणू नका. हा पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्यातही जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. लक्षणं सुरू झाली तेव्हा घड्याळात किती वाजले होते, ते लक्षात ठेवा. दवाखान्यात सगळ्यात आधी तेच विचारतात.

मनाचं दुखणं अंगावर काढणं तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. "काही नाही, जरा थकलोय." पण सतत उदास वाटणं, आवडीच्या गोष्टीही नकोशा होणं, झोप किंवा भूक बिघडणं हे दोन आठवडे जवळजवळ रोज चालू असेल, तर तो थकवा नाही. त्यासाठी डॉक्टर असतात आणि उपचारांनी माणसं बरी होतात. आपल्या माणसाच्या बोलण्यात जगणं नको झाल्याची छटा जाणवली, तर त्याला सरळ, मायेने विचारा, "तुझ्या मनात स्वतःचं काही बरंवाईट करायचे विचार येतात का?" विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरतो, अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि मदत मिळेपर्यंत सोबत राहा.

रोजच्या काळजीसाठी एक छोटी गोष्ट मी स्वतः करते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 57 तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, काहींनी झालेली कामं. राहिलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली आणि यादी जितकी तपशिलात, तितकी लवकर. राहिलेलं काम मन रात्रभर घोळवत राहतं. ते कागदावर उतरलं, की विसरण्याची भीती उरत नाही. मोबाइलवर मात्र लिहू नका. एक साधी वही आणि पेन उशाशी ठेवा.

माझ्या त्या वहीत आठवडाभर रोज एकच ओळ यायची, "कार्डाचं बिल." तिथून मी पैशांकडे वळते.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर "किमान देय रक्कम" असा एक आकडा असतो. तो भरला की फोन येत नाहीत, दंड लागत नाही, आणि आपल्याला वाटतं निभावलं. आपण हिशेब करू. समजा थकबाकी 100 आहे, महिन्याचं व्याज 3 टक्के, आणि तुम्ही दर महिन्याला 5 टक्के भरता. व्याज धरून झाले 103. त्यातले 5 टक्के गेले, उरले जवळपास 98. महिनाभरात कर्ज फक्त दोनने उतरलं. नवीन काहीही खरेदी केलं नाही, तरी 100 चे 50 व्हायला अडीच वर्षांहून जास्त लागतात. आणि काहीच भरलं नाही तर? 72 ला व्याजाच्या दराने भागायचं, तेवढ्या काळात रक्कम दुप्पट होते. महिन्याला 3 टक्के म्हणजे 24 महिने. हा ठोकताळा 1494 मध्ये इटलीत छापलेल्या लुका पाचोली यांच्या गणिताच्या ग्रंथातही सापडतो. पाचशे वर्षांत व्याजाचा स्वभाव बदललेला नाही.

म्हणून सगळी कर्जं एका कागदावर मांडा आणि प्रत्येकासमोर व्याजाचा दर लिहा. सगळ्यांचे ठरलेले हप्ते भरून वर जे उरेल, ते सर्वांत जास्त दराच्या कर्जावर टाका. हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधी कर्ज देणाऱ्याशी बोला. तेव्हा मार्ग निघण्याची शक्यता जास्त असते. आणि घरात सांगा. कर्ज लपवणाऱ्या माणसाला मी जवळून पाहिलं आहे. फोन वाजला की तो दुसऱ्या खोलीत जायचा, जेवताना ताटाकडे बघत बसायचा. रकमेपेक्षा ते लपवणंच त्याला जास्त पोखरत होतं. ज्या दिवशी त्याने सगळी बिलं जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली, त्या रात्री तो सलग झोपला. कर्ज तेवढंच होतं.

अडीअडचणीसाठी तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, असं सांगतात. तो आकडा ऐकूनच पुष्कळ जण सुरुवात करत नाहीत. एका आठवड्याच्या खर्चापासून करा. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण शाळेत फळ्यावर लिहायचो, इथे ते अक्षरशः खरं आहे. प्राणी पाळला असेल तर त्याच्या दवाखान्यासाठी वेगळी पुंजी ठेवा, कितीही लहान असो. रात्री अकरा वाजता पलंगाखाली बोका कण्हत असताना मनात पैशांचा हिशेब सुरू होणं फार वाईट असतं. मी ते अनुभवलं आहे.

आता आमच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना, आमचे डॉक्टर, रुग्णवाहिका, घरातल्या प्रत्येकाची चालू औषधं आणि कार्ड हरवलं तर बँकेचा क्रमांक, सगळं मोठ्या अक्षरात, चष्मा नसला तरी वाचता येईल असं.

आणि बोक्याचा ट्रे रोज सकाळी मीच साफ करते. ओल्या मातीचे गोळे मोजते. आज तीन होते.

नमस्कार.