बोरिवलीच्या जंगलातली जाळरेषा

(दृश्य: फेब्रुवारीतली सकाळ. सागाखालचा पाचोळा, अगदी जवळून.)

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध पसरलेलं, सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं पानगळीचं जंगल. साग, ऐन, कळम, कुडा, पळस यांची पानं हिवाळ्यात झडू लागतात आणि मार्चपर्यंत झाडांखाली पाचोळ्याचा जाड थर बसतो. पावसाळ्यात वाळवी आणि बुरशी त्याची माती करतात. जूनच्या पहिल्या सरीही हाच थर अंगावर झेलतो, म्हणून काळ्या कातळावरची थोडकी माती धुपून तलावात जात नाही. विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा. दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात आणि दोन्हींचा पाणलोट याच झाडीत आहे.

उन्हाळ्यात मात्र हाच पाचोळा वणव्याचं जळण होतो. कुणीतरी टाकलेली विडी, कडेला पेटवलेला कचरा, तेवढं पुरतं.

इथला वणवा शेंड्यांवरून धावत नाही, जमिनीवरून सरकतो. मोठी झाडं उभीच राहतात, पावसात डोंगर पुन्हा हिरवा होतो आणि काही बिघडलं नाही असं वाटतं. बिघडलेलं दिसतं ते खाली वाकून पाहिल्यावर.

(दृश्य: ऐनाचं खोड, शेजारी बोटभर जाडीचं रोप.)

ऐनाची जुनी साल मगरीच्या पाठीसारखी जाड आणि भेगाळलेली. आगीची धग आतपर्यंत पोचत नाही. रोपाची साल पातळ असते. तिच्याखालचा जिवंत थर भाजला की रोप जमिनीपर्यंत मरतं, मुळातून पुन्हा फुटतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळतं. वर्षानुवर्षं वणवा लागणाऱ्या उतारावर म्हातारी झाडं दिसतात, त्यांची पोरं दिसत नाहीत.

कारवी या झुडपाला वणव्याचा धोका याहून मोठा. ती ८ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. इथे ती २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. त्या बियांतून आलेली रोपं सगळी एका वयाची. एखाद्या उतारावरची ही पिढी जळाली, तर तिथे बी टाकायला दुसरी पिढीच नसते.

(दृश्य: जाळरेषेचं काम. कोयते, दाताळी, ब्लोअर.)

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, त्याआधी तयार हवी. आधी पट्ट्यातलं गवत आणि झुडपं कोयत्याने छाटायची, तिथेच पसरून वाळवायची, मग पट्टा जाळायचा. वेळ सकाळची. दव असतं, वारा पडलेला असतो. मुंबईत दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो, त्याच्या आत शेवटची ठिणगी विझलेली पाहिजे. काडी उताराच्या वरच्या टोकाला लावायची आणि आग हळूहळू खाली उतरू द्यायची. खालून लावली तर ज्वाळा वरचं गवत आधीच तापवतात आणि आग हाताबाहेर जाते. चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, हा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे.

रेषा फसते ती बहुतेक वेळा दुर्लक्षामुळे. जानेवारीत साफ केलेल्या पट्ट्यावर साग पुन्हा पानं टाकतो. ती वरचेवर ब्लोअरने किंवा दाताळ्याने हटवली नाहीत, तर रेषा फक्त नकाशावर उरते. आडवं पडलेलं एखादं वाळकं खोड किंवा वाकलेला बांबूही आगीला पूल होतो. ते कापून बाजूला ओढावं लागतं.

विझलेली आगही पुरती विझलेली नसते. पोकळ बुंध्यात, मुळांच्या खाचेत निखारा दिवसेंदिवस धुमसतो. राखेजवळ हाताची पालथी बाजू धरून ऊब लागते का ते पाहायचं. लागली, तर खणून माती कालवायची, पाणी असेल तर ओतायचं आणि पुन्हा हात धरून पाहायचं.

जंगलात किंवा कडेला धूर दिसला, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा. जवळचं प्रवेशद्वार, पाडा किंवा तलाव सांगा. आगीच्या वरच्या बाजूला थांबू नका. वाऱ्याची दिशा पाहून उताराने खाली, मोकळ्या किंवा आधीच जळून गेलेल्या जागेकडे निघा.