सणांचा तलाठी
(परदेशातल्या मराठी मंडळाच्या डिसेंबर मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. जेवणाच्या आधी बोलायला उभं केलंय, म्हणजे किती वेळ बोलायचं ते मला कळलं.

परवा नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही सांताचे एल्फ असता तर कुठलं काम घेतलं असतं?" एल्फ म्हणजे सांताचे बुटके मदतनीस. तिला वाटलं, खेळणी बनवायचं म्हणेन. पण माझे वडील तलाठी. म्हटलं, मी उत्तर ध्रुवावरचा तलाठी होईन. दरवर्षी गावोगाव फिरून सणांची पीकपाहणी करेन. काय पेरावं हे तलाठी सांगत नाही. शेतात उभं काय आहे ते लिहितो, आणि बदल झाला की फेरफाराची नोंद घालतो.

या एल्फाच्या दप्तरातलं एक जुनं पान बॉस्टनकडचं. १६५९ साली मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती, कारभाऱ्यांनी नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला. कायदा उठला १६८१ साली. 'आमच्यात पूर्वीपासून असंच' म्हणणाऱ्या कुणालाही हे पान दाखवावं, आपल्यातल्यांनासुद्धा. पुढे १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता येते आणि सांताच्या गाडीला आठ रेनडिअर जुंपले जातात. नववा, लाल नाकाचा रुडॉल्फ, थेट १९३९ चा. माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाने मुलांना फुकट वाटलेल्या पुस्तिकेतून तो आला. शेरा: वारस नोंद, मार्फत दुकानदार.

माझी आवडती नोंद १८८२ ची. तोवर झाडावर मेणबत्त्या लावायचे, म्हणजे आगीची धास्ती आलीच. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने घरच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे विजेचे ८० दिवे लावले, वर झाड फिरतं ठेवलं. हौस होती आणि धंद्याची जाहिरातही. आपला गणपती १८९३ च्या सुमारास मांडवात आला, त्याच्या दहाएक वर्षं आधीची ही गोष्ट. (मांडवात पहिला कुणी आणला हा पुण्यातला वाद इथे नको, जेवण गार होईल.)

आता आपल्या हॉलची पाहणी. चतुर्थी मंगळवारी असली तरी गणपती शनिवारी. विसर्जन बादलीत. आरती फोनवर लावून आपण टाळ्या वाजवतो. मला ते रुचत नाही, पण तलाठ्याच्या वहीत 'रुचत नाही' असा रकाना नसतो.

आणि आमच्या गॅरेजातलं निळं खोकं. २६ डिसेंबरला निम्म्या किमतीत घेतलेल्या माळा त्यात असतात. एक माळ अर्धीच लागते, ती मखराच्या मागच्या बाजूला जाते. मुलगा शाळेत असताना त्याने झाकणावर 'ख्रिसमस' लिहिलं होतं. हिने ते खोडून 'गणपती' केलं, नंतर शेजारी 'दिवाळी' आलं. गेल्या आठवड्यात खोकं काढलं, तर नातीने सगळं खोडून वाकड्यातिकड्या देवनागरीत एकच शब्द लिहिला होता: 'दिवे'.

मी नोंद घातली आहे. पण फेरफार मंजूर करणं तलाठ्याच्या हातात नसतं, ते मंडळ अधिकाऱ्याचं काम. तेव्हा अध्यक्षसाहेब, सही तुमची.