दोन गुंठ्याच्या चौरस प्लॉटची बाजू किती?

मंडळी, एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला लागत नाही, कळंबा असो नाहीतर पाचगाव, प्लॉटची बोलणी गुंठ्यातच चालतात. पण १०८९ असा आडनिडा आकडा कुठला, तर ३३ गुणिले ३३, म्हणजे चौरस गुंठ्याची बाजू बरोब्बर ३३ फूट. आता दोन गुंठ्याचा चौरस प्लॉट आखायचाय. क्षेत्रफळ २१७८, बाजू किती? पटकन ६६ म्हणाल तर ते चार गुंठे झाले की. ४६ चा वर्ग २११६, ४७ चा २२०९, उत्तर मधेच कुठंतरी आहे.

अशी बाजू म्हणजे वर्गमूळ काढायला शाळेत आपण दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून भागाकार करायचो. रीत चोख आहे, आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये अंकांची स्थानं धरून वर्गमूळ काढायची जी रीत दिली तिच्याच जातीची. पण पोरं विचारतात, सर वरचं उत्तर दुप्पट का करायचं, आणि बहुतेक वेळा त्यांना सांगितलं जातं की तसंच करायचं असतं. हे मला अजिबात पटत नाही. म्हणून मी आधी सरासरीची रीत दाखवतो.

४६ धरा. २१७८ ला ४६ नं भागा, ४७.३४७८ येतात. आता हे नीट बघा, ४६ बाय ४७.३४७८ हा पण दोन गुंठ्याचाच प्लॉट आहे, फक्त चौरस नाही, एक बाजू आखूड धरली म्हणून दुसरी लांबली, मग खरी बाजू या दोन्हीच्या मधेच असणार, दुसरीकडं जाणार कुठं? सरासरी घ्या, ४६.६७३९. पुन्हा २१७८ ला यानं भागा, ४६.६६४२, पुन्हा सरासरी, ४६.६६९०. झालं, ४६ फूट ८ इंच. खरं तर पहिल्याच सरासरीत फरक जेमतेम दीड मिलिमीटर होता, रांगोळीची फक्की मारताना त्याहून जाड रेघ पडते!

आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी दोरीनं आखायच्या नियमांच्या प्राचीन ग्रंथात, तर अजून भारी गोष्ट आहे. चौरसाच्या कर्णावर चौरस काढला की क्षेत्रफळ दुप्पट. म्हणजे एका चौरस गुंठ्यात कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा, दोन गुंठ्याची बाजू हातात, आकडेमोड काहीच नाही. आकडाच पाहिजे तर तोही दिलाय, बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग काढून टाका. आपले ३३ घ्या. अधिक ११, चव्वेचाळीस. ११ चा चौथा भाग २.७५, झाले ४६.७५. त्यातून ०.०८०९ गेले, ४६.६६९१. हजारो वर्षांपूर्वीची रीत, आणि ३३ फुटांवर फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. मला हे दरवेळी करून बघताना तितकाच आनंद होतो.

आता, हे दशांश कुठं थांबतील का? नाही. समजा थांबले, तर शेवटचा अंक शून्य नसणार. १ ते ९ पैकी कशाचाही वर्ग करा, शेवटी १, ४, ५, ६ नाहीतर ९ येतो, शून्य येतच नाही, म्हणजे वर्गाला दशांशाची शेपटी राहणारच, आणि आपल्याला तर पूर्ण २१७८ पाहिजेत. म्हणून वहीत ४६.६७ लिहिताना पोरांना बरोबरचं चिन्ह घालू देऊ नका, सुमारेचं घालायला लावा.