टेलिस्कोपिक शिडीचा धातू पारखताना

नमस्कार मंडळी. टेलिस्कोपिक शिडी घ्यायची म्हटलं की लोक विचारतात, ‘ॲल्युमिनियमची घेऊ की स्टीलची?’ प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. साध्या शिडीच्या दोन्ही उभ्या बाजू अखंड असतात. या शिडीत एका नळीत दुसरी, दुसरीत तिसरी, अशा नळ्या सरकतात. सर्वांत रुंद नळी खाली आणि सर्वांत बारीक वर, म्हणजे तुम्ही जितके वर चढाल तितक्या बारीक नळीवर उभे असता. त्यामुळे इथं धातूची निवड करायची ती सरकण्याचा आणि सांध्यांचा विचार करून.

आधी स्टीलचं बघू. ताठपणात स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट. पण वजनालाही तसंच: एका घन सेंटिमीटरला ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम, स्टील ७.८५ ग्रॅम. आता सारख्याच व्यासाच्या आणि सारख्याच वजनाच्या दोन नळ्या घ्या. ॲल्युमिनियमच्या नळीची जाडी दीड मिलिमीटर असेल, तर स्टीलच्या नळीला जेमतेम अर्धा मिलिमीटर मिळतो. भार दिल्यावर दोन्ही जवळजवळ सारख्याच लवतात! मग ॲल्युमिनियमनं काय साधलं? जाडी साधली. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा कुठं आपटला की पोचा येतो. या शिडीत पोचा आला की आतली नळी तिथंच अडते. नळी पुरती बाहेर आली नाही की तिला जागी अडकवणारी पिन भोकात बसत नाही, आणि पिन बसली नाही तर त्या पायरीला आधार कशाचा? स्टीलची जाडी वाढवली तर पोचा येणार नाही, पण मग उचलून न्यायची शिडी उचलवत नाही. माझं मत स्वच्छ आहे: हातानं वाहून न्यायच्या टेलिस्कोपिक शिडीच्या नळ्या स्टीलच्या नकोत. पिना मात्र स्टीलच्याच हव्यात.

आता ‘ॲल्युमिनियम’ एवढं ऐकून समाधान मानू नका. शुद्ध, मऊ ॲल्युमिनियम ३० मेगापास्कलच्या (हे ताण मोजायचं एकक) आसपासच्या ताणाला कायमचं वाकतं. त्यात थोडं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळून बनवलेला ६०६३ हा मिश्रधातू टी-५ या उष्णतेच्या प्रक्रियेनंतर साधारण १४५ पर्यंत टिकतो, तर ६०६१ हा मिश्रधातू टी-६ प्रक्रियेनंतर सुमारे २७५ पर्यंत. म्हणजे दिसायला एकसारखी चंदेरी नळी, पण ताकदीत नऊपट फरक. यातलं ‘टी-६’ फार महत्त्वाचं. धातू ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, झटकन थंड करतात आणि मग १६०-१७० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. ताकद येते ती या प्रक्रियेतून, आणि पुन्हा तापवलं की ती उतरते. म्हणून चिरलेली नळी वेल्डिंग करून वापरायचा विचारही मनात आणू नका. जोड भक्कम दिसेल, पण त्याच्या शेजारची पट्टी मऊ पडलेली असेल. खरेदी करताना मिश्रधातूचा क्रमांक आणि नळीची जाडी विचारा. दोन्ही सांगता येत नसतील, तर ती शिडी ठेवून पुढं चला.

आता सांधा जवळून बघा. शिडी आडवी ठेवा, एकच पायरी उघडा. ‘खट’ आवाज आला की दोन्ही बाजूंच्या पिना नळीच्या भोकात गेल्या. ही भोकं नळीच्या आतल्या अंगाला, म्हणजे समोरच्या नळीकडे तोंड करून असतात, आणि यात मोठं शहाणपण आहे. चढणाऱ्याच्या भारानं शिडी पुढं-मागं लवते, तेव्हा नळीच्या पुढच्या आणि मागच्या अंगावर सर्वांत जास्त ताण येतो. बाजूच्या अंगाला या लवण्याचा ताण जवळजवळ नसतोच. गोल भोकाच्या काठावर ताण तिपटीपर्यंत वाढतो, म्हणून ते भोक अशा निवांत जागी ठेवलेलं असतं. पण तुम्ही बाजूला लांब हात केलात, तर नळ्या आडव्या वाकतात आणि नेमक्या त्या भोकांवर ताण जातो. त्यातही स्टीलला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतो. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, प्रत्येक हेलकाव्याची थोडी झीज साचतच जाते. भोकाच्या काठाला नख लावून बघा. काठ लांबट झाला असेल किंवा बारीक रेघ फुटलेली दिसली, तर ती शिडी बाद.

पायरीचा भार नळीपर्यंत पोचतो तो बहुधा प्लॅस्टिकच्या कड्यातून. याकडे कुणी बघतच नाही. इथं काचतंतू मिसळलेलं नायलॉन हवं. नायलॉन ओल शोषून किंचित फुगतं, आणि उन्हात वर्षानुवर्षं राहिलं की ठिसूळ होतं. कड्याला चरे दिसले, तर नळी उत्तम असूनही उपयोग नाही. नळीचा पृष्ठभाग ॲनोडाइझ केलेला असावा. त्यामुळे वर कठीण थर चढतो, हात काळे होत नाहीत आणि नळ्या एकमेकींना खरचटत नाहीत. आत तेल सोडू नका, त्यावर धूळ बसते आणि तीच नळीला घासते. कोरड्या फडक्यानं पुसणं पुरेसं. समुद्राजवळ काम असेल तर स्टेनलेस पिनेच्या भोवती पांढरी भुकटी दिसते का, ते बघत जा. खाऱ्या ओलीत दोन धातू भिडले की ॲल्युमिनियम आधी खंगतं.

भाराचं थोडक्यात. युरोपातलं ईएन १३१ हे मानक १५० किलो भार धरतं, आणि त्याचा सहावा भाग खास टेलिस्कोपिक शिड्यांसाठी आहे. हा आकडा माणूस, अवजारं आणि सामान मिळून असतो.

विजेजवळ काम असेल, तर मात्र आतापर्यंतचं सगळं गणित बाजूला ठेवा. ॲल्युमिनियम वीज वाहतं, तिथं ते नकोच. फायबरग्लास घ्या. त्याची किंमत वजनात मोजावी लागते, कारण त्याचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा. म्हणून नळीची जाडी वाढवावी लागते आणि एकात एक बसणारी नळ्यांची जुडी जाडजूड होते. तो बोजा आनंदानं उचला. मात्र फायबरग्लासही ओलं किंवा चिखलानं माखलेलं असेल तर विजेला वाट मिळते, आणि अशा शिडीत पिना, कधी पायऱ्यासुद्धा धातूच्या असू शकतात. पायऱ्या कशाच्या आहेत हे विचारूनच घ्या. कार्बन फायबर हलकं आणि ताठ असतं हे खरं, पण ते वीज वाहतं. नावात ‘फायबर’ दिसलं म्हणून ते तारांजवळ नेऊ नका.