गुडघे वाजले की कळतं तू आलीस

नमस्कार मंडळी. आज वयाबद्दल बोलायचंय, माझ्याच वयाबद्दल. मला चाळिशी लागून सहा वर्षं झाली, केस बरेचसे पांढरे झालेत, आणि खाली बसून उठताना गुडघे कटकट वाजतात. आणि मला हे आवडतं. हो, आवडतं, नीट ऐकलंत तुम्ही.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायू टिकायला डिस्ट्रोफिन नावाचं प्रोटीन लागतं, ते त्याच्या अंगात तयारच होत नाही, म्हणून आधी पायातली ताकद जाते, मग हातातली, मग श्वास आणि हृदयावर येतं. ते प्रोटीन 1987 साली सापडलं, पण आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. स्टेरॉइड आणि रात्री श्वासाला मदत करणारं मशीन यांनी वर्षं वाढतात, पूर्वी विशीच्या आत जाणारी मुलं आता तिशीपर्यंतही जगतात. निदान झालं तेव्हा तो पाच वर्षांचा होता, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर यायचा आणि आम्हाला वाटायचं खेळतोय.

त्या दिवसापासून मला वाढदिवस नकोसे झाले, त्याचेही आणि माझेही. माझं एक वर्ष वाढलं की त्याचं एक कमी झालं, हेच गणित डोक्यात. चष्मा लागला तोही त्याच्यापासून लपवला. ज्याला म्हातारपण मिळेल की नाही माहीत नाही त्याच्यासमोर आपण कसलं चाळिशीचं रडगाणं गायचं!

मग ती रात्र आली. त्याला स्वतः कूस बदलता येत नाही, म्हणून मी रात्री तीन-चार वेळा उठते. त्या रात्री मशीनचा अलार्म वाजला, मी धडपडत गेले, स्क्रीनवर काहीतरी लिहून आलेलं आणि मला अक्षर लागेना, चष्मा कुठे ठेवलाय आठवेना, हात थरथरायला लागले. तर हा नाकावरच्या मास्कमधून शांतपणे म्हणतो, "आई, लीक लिहिलंय. डावीकडून हवा जातेय, पट्टा ओढ." मी पट्टा ओढला, अलार्म थांबला. मग म्हणाला, "तुला जवळचं दिसत नाही हे मला केव्हाच माहितीये. औषधाची बाटली किती लांब धरतेस!"

(बाटल्यांवर इतकं बारीक का छापतात हो? रात्री दोन वाजता घरातलं कोणीतरी ते वाचणार असतं, मोठं छापाच, माझी हात जोडून विनंती आहे.)

मी त्याच्या पलंगाशी खाली बसले, रडायलाच आलं होतं. म्हटलं, म्हातारी झाले रे मी. तर म्हणाला, "हो ना, मस्त. मी लहान होतो तेव्हा तू अशी नव्हतीस. म्हणजे मीपण बराच टिकलोय."

बराच टिकलोय. बारा वर्षं मी उलटं गणित करत होते, मंडळी. माझा एकेक पांढरा केस म्हणजे तो सोबत असलेले दिवस, माझं वय वाढलं ते त्याच्याबरोबरच वाढलं. केस रंगवणं मी तेव्हापासून सोडलं. रंगवणाऱ्यांनी रंगवावेत, पण तरुण दिसण्याच्या जाहिराती बघितल्या की मला वाईट वाटतं, वय काय लपवायची गोष्ट आहे?

भीती गेली नाही, खोटं कशाला सांगू. छातीत कफ साठला की पोटात गोळा येतो. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे जायला मी उशीर केला, मला वाटायचं ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतं. तसं नाही, निदान झाल्यापासूनच घेता येते ती मदत, दुखणं, झोप, आईबापांचा थकवा, सगळ्यासाठी. निदान झाल्यापासूनच, हे पुन्हा सांगते, कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

आता औषधांची लेबलं तोच वाचतो, मी बाटली त्याच्या डोळ्यांसमोर धरते आणि तो तारीख, डोस सगळं मोठ्याने सांगतो. आणि रात्री कूस बदलायला गेले की दिवा लावू देत नाही. म्हणतो, नको, तुझे गुडघे वाजले की कळतं मला, तू आलीस.